आधी कोण वाजवतंय?

स्टेडियम शोचं तिकीट हाती लागलं की आपण काय करतो? ऑफिसच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकतो, कुठला टी-शर्ट घालायचा ते ठरवतो आणि मेन बँड यायच्या जेमतेम दहा मिनिटं आधी गेटवर पोचतो. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे नवी मुंबईत तीन शो झाले, तेव्हा तर नेरुळला जाणारी लोकल म्हणजेच अर्धी कॉन्सर्ट होती! मजा आहेच त्यात. पण माझ्या फोनमधले निम्मे फेव्हरिट बँड मला सापडले ते त्याच्या आधी, मैदान अर्धं रिकामं असताना.

ओपनिंग बँडचं काम जाम थँकलेस. साउंडचेक बहुतेक वेळा मोठ्या बँडचा आधी, मग उतरत्या क्रमाने. सगळ्यात पहिल्यांदा वाजवणाऱ्यांच्या वाट्याला उरलीसुरली मिनिटं येतात. मॉनिटर नीट लागला नाही, तर गायकाला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही. समोरची मंडळी बिअरच्या रांगेत. तरीही एखादा ड्रमर असा काही तुटून पडतो, की रांगेतली चार डोकी वळतात. मला तो क्षण शेवटच्या कॉन्फेटीपेक्षा सॉलिड वाटतो.

यातून कधी कधी खरंच काही घडतं. मार्च २००७ मध्ये आयर्न मेडन बंगळूरच्या पॅलेस ग्राउंडवर वाजले, तेव्हा त्यांच्या आधी दिल्लीचा परिक्रमा बँड होता. त्याच उन्हाळ्यात परिक्रमा इंग्लंडच्या डाउनलोड फेस्टिव्हलमध्ये वाजवत होते.

मुंबईत नव्या बँडना स्टेज दिलं ते धोबीतलावच्या रंगभवनने. १९८६ साली सुरू झालेला ‘आय-रॉक’ इथेच गाजला. शेजारी कॉलेज, जवळ हॉस्पिटल. सायलेन्स झोनच्या नियमामुळे २००३ मध्ये तिथले कार्यक्रम थांबले. पेशंटला शांतता हवीच, त्यात वाद नाही. पण तसं दुसरं रंगभवन काही उभं राहिलं नाही. लोअर परळच्या मिल कंपाउंडमध्ये २००७ साली ब्लू फ्रॉग आला आणि २०१६ मध्ये तोही बंद झाला.

आता उरले कॅफे, पब आणि छोटे हॉल. (पार्किंगचं विचारू नका.) इथे निम्मे बँड तीच ती कव्हर्स वाजवतात, कारण पब्लिकची फर्माईश तीच असते. मला ओरिजिनल गाणी हवीत, त्यातही आपल्या भाषेतली. मुंबईच्या ‘स्वदेसी’ ग्रुपने २०१९ मध्ये आरे जंगलातले प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ केलं. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर वऱ्हाडीत रॅप करतो. कुठल्याही इंग्लिश कव्हरला ही धार नाही!

नवा बँड शोधायचा माझा फंडा सोपा आहे. गिगचं पोस्टर खालून वर वाचायचं. सगळ्यात बारीक अक्षरातलं नाव घ्यायचं, त्यांची दोन गाणी डब्यासोबत ऐकायची आणि छापलेल्या वेळेला पोचायचं. कारण ड्रमरचं लग्न, गिटारिस्टची पुण्याला बदली आणि समोर वीस टाळकी... बँड फुटायला एवढं पुरतं.

सेट संपल्यावर ते कोपऱ्यात स्वतःच केबल गुंडाळत असतात. टी-शर्ट विकायला असेल, तर तेव्हाच घ्या. शनिवारी झकास सोलो वाजवलेला तो पोरगा सोमवारी तुमच्याच बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये, गळ्यात आय-कार्ड अडकवून उभा असू शकतो. ओळख द्या त्याला.