नगराची नाडी

मनुष्य आजारी पडला, म्हणजे वैद्य प्रथम त्याची नाडी पाहतो. कोठे दुखते, काय खाल्ले, झोप लागते की नाही, असे नाना प्रश्न तो विचारतो. आणि मगच औषधाच्या पुडीकडे हात नेतो. परंतु एखादे शहरच आजारी पडले, तर त्याची नाडी कोठे पाहावयाची? लक्षावधी माणसांच्या त्या वस्तीला नेमके काय हवे आहे, हे कसे ओळखावयाचे? मुंबई शहराला या प्रश्नाचे उत्तर फार मोठी किंमत देऊन शिकावे लागले.

१८९६ सालच्या सप्टेंबर महिन्यातील ही गोष्ट. बंदरालगतचा मांडवी हा भाग धान्याच्या वखारींनी आणि दाटीवाटीच्या चाळींनी गजबजलेला होता. मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासिओ व्हिएगस हे तेथे रोगी तपासत असत. काही रोग्यांना कडक ताप असून त्यांच्या जांघेत किंवा काखेत गाठी आल्याचे त्यांना आढळले. हा प्लेग आहे, असे त्यांनी निर्भयपणे सांगितले. थोड्याच दिवसांत मृत्यूंच्या नोंदवहीतील आकडे भराभर वाढू लागले. चुलींना कुलपे लागली, बाजार ओस पडले, आणि लक्षावधी लोक मिळेल त्या वाहनाने शहर सोडून गेले.

रोग घाणीतून व दूषित हवेतून पसरतो, अशी त्या काळी पुष्कळांची समजूत होती. म्हणून गटारांत समुद्राचे पाणी व कार्बोलिकचे द्रावण सोडण्यात आले. भिंतींना चुना फासण्यात आला; ऊन आत यावे म्हणून छपरांची कौलेही काढण्यात आली. हे सर्व काम मोठ्या कष्टाने झाले. तरीही प्लेग हटला नाही. दर वर्षी थंडीच्या दिवसांत तो पुन्हा डोके वर काढी. स्वच्छता ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु रोगाची वाट कोणती, हे कळण्यापूर्वीच येथे उपचार सुरू झाले होते.

दुसरी चूक याहूनही गंभीर होती. रोगी शोधण्यासाठी घरांच्या झडत्या सुरू झाल्या. पुण्यात तर १८९७ साली या कामी गोरे शिपाई घराघरांत शिरले. आपल्या माणसाला ओढून नेतील, या भयाने लोक रोगी लपवू लागले. मृत्यूचे खरे कारणही ते सांगेनात. १८९८ सालच्या मार्च महिन्यात मुंबईत याच कारणावरून दंगल उसळली. जेथे भय असते तेथे खरे उत्तर मिळत नाही, आणि खरे उत्तर मिळाले नाही म्हणजे सरकारची नोंदवहीही खोटी ठरते. जबरदस्तीमुळे लोकांची मने तर दुखावलीच. पण रोगाचा मागही हरवला.

याच काळात काही शोधक मात्र शांतपणे काम करीत होते. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँग येथे सापडला होता. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी असे दाखविले, की हा रोग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो. परंतु पुष्कळांना ते पटले नाही.

पुढे १९०५ सालापासून संशोधकांच्या एका मंडळाने मुंबईत या गोष्टीची कसून परीक्षा केली. ज्या घरांत प्लेग झाला होता, त्या घरांत त्यांनी गिनीपिग नावाचे लहान प्राणी दोन प्रकारच्या पिंजऱ्यांत ठेवले. एका पिंजऱ्याची जाळी इतकी बारीक होती, की तिच्यातून पिसू आत जाऊ शकत नसे. दुसऱ्याची जाळी मोठ्या छिद्रांची होती. हवा दोन्ही पिंजऱ्यांत सारखीच खेळत होती. तरीही पिसवांपासून सुरक्षित असलेले प्राणी वाचले, आणि मोठ्या छिद्रांच्या पिंजऱ्यांतील प्राण्यांना प्लेग होऊ लागला. म्हणजे दोष हवेचा नव्हता, पिसवांचा होता.

याच्या जोडीला मोजणी चालू होती. शहराच्या निरनिराळ्या भागांतून हजारो उंदीर गोळा करून तपासण्यात येत. कोणता उंदीर कोठे सापडला, याची नोंद होई. त्यावरून असे दिसून आले, की एखाद्या वस्तीत आधी उंदीर पडतात आणि त्यानंतर सुमारे दहा ते चौदा दिवसांनी माणसे आजारी पडू लागतात. उंदीर मेला, म्हणजे त्याच्या थंड शरीरावरील पिसवा नवा आसरा शोधतात. उंदीर मिळाला नाही, की त्या माणसाला चावतात. इतक्या वर्षांनी शहराची नाडी हाती आली होती.

आता शहराला काय हवे, हे स्पष्ट झाले. धान्य उंदरांना शिरता येणार नाही अशा ठिकाणी साठविणे, घरांत उजेड व मोकळी जागा ठेवणे, उंदीर पडू लागताच ती जागा सोडणे आणि लस टोचून घेणे, हे खरे उपाय होते. यांतील प्रत्येक उपायाला लोकांचे साहाय्य आवश्यक होते. आणि साहाय्य विश्वासावाचून मिळत नाही.

आजही शहराच्या आरोग्याची परीक्षा याच मार्गाने होते. कोणत्या गल्लीत किती जणांना ताप आला, नळाला पाणी कसे येते, किती बालकांना लस मिळाली, याची नोंद आरोग्यसेविका घरोघर फिरून करतात. एका घरातील तापाचा रोगी ही त्या घराची चिंता असते. परंतु एकाच गल्लीतील दहा घरांत ताप आढळला, तर कोठे पाणी साचून डास झाले आहेत काय, कोठे नळ फुटला आहे काय, याचा शोध घेता येतो. अशी सेविका दाराशी येऊन प्रश्न विचारते, तेव्हा तिला खरे उत्तर देणे हेही नागरिकाचे एक कर्तव्य होय. तिच्या वहीतील एकेका ओळीवरूनच साऱ्या नगराचे दुखणे ओळखता येते.