झाड लावले, आता जगवायचे
— ऊस विकास अधिकारी



1950 साली देशात वनमहोत्सव सुरू झाला. तेव्हापासून दर पावसाळ्यात आपण खड्डे घेतो, रोपे लावतो. बांधावर आंबा, घराजवळ नारळ, विहिरीवर चिंच. परंतु वैशाखात शिवारात फेरी मारली, की पुष्कळ आळ्यांत नुसती काठी उभी दिसते. लावायला एक दिवस पुरतो. जगवायला पहिली तीन वर्षे द्यावी लागतात.

"साहेब, उसाचं पाणी शेजारनंच जातंय की, मग झाड का वाळलं?" असे सभासद विचारतात. पुष्कळदा तेच पाणी कारण असते. उसाच्या पाळीबरोबर खोडाशी पाणी तुंबते, मुळांना हवा मिळत नाही, साल कुजते. म्हणून आळे बांगडी पद्धतीने करावे. खोडाला मातीची भर आणि भरीच्या बाहेर पाण्याची बांगडी. झाडाचा घेर वाढेल तशी बांगडी बाहेर सरकवावी. पावसाळ्यात आळे फोडून पाणी काढून द्यावे. पाटाचे पाणी पोचत नसेल तिथे मडक्याच्या बुडाला बारीक भोक पाडावे, चिंधीची वात घालून ते आळ्यात पुरावे आणि भरत राहावे.

आळ्यात चार बोटे जाड पाचट अंथरले की ओल टिकते. मात्र ते खोडापासून वीतभर लांब ठेवावे. खोडाला टेकलेल्या पाचटातून वाळवी सालीवर चढते.

आता मुख्य गोष्ट. फड तुटला की पाचटाला काडी लावण्याची घाई होते. कोवळ्या झाडाची साल पातळ. जाळ अंगाला लागला नाही तरी धगीने सालीखालचा जिवंत थर मरतो. झाड काही दिवस हिरवे दिसते आणि मग उभे वाळते. तीन वर्षांची मेहनत एका काडीने जाते. शेजाऱ्याचे झाड गेले तर भांडण वेगळेच! पाचटातला नत्रही धुरावाटे जातो. त्यापेक्षा पाचट सरीत दाबावे, खोडव्याला खत होते.

आणखी चार कामे लक्षात ठेवावीत :

1. काठीला रोप सैल बांधावे. सुतळी सालीत रुतू देऊ नये.
2. आंब्याच्या कलमाला जोडाखाली फुटवा आला की लगेच काढावा, नाहीतर कलम मागे पडून गावठी झाड वाढते.
3. शेळ्या-गुरांपासून राखण्यास काटेरी कुंपण करावे.
4. पावसाळ्यापूर्वी व नंतर खोडाला 2-3 फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावावी. मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर. लोखंडी भांडे वापरू नये.

यंदा नवे रोप आणण्याआधी गेल्या वर्षीची किती जगली, ते एकदा बांधावर जाऊन मोजा. अडचण असल्यास गट ऑफिसात सांगा. आम्ही बांधावर येऊ.