रिळाचा लगाम

गळ लांब फेकायचा आणि दोरा गुंतू द्यायचा नाही, ही फिरत्या चक्रीच्या रिळाची जुनी अडचण. आमच्या कोकणात या नायलॉनच्या दोऱ्याला तंगूस म्हणतात. झटक्यासरशी गळाचे वजन सुटते, त्याच्या ओढीने चक्री गरगरते. पुढे हवेच्या विरोधाने वजन मंदावते. चक्री मात्र आपल्याच जोरात असते. जाणाऱ्यापेक्षा जास्त तंगूस सुटतो आणि त्याचे घरटे होते. ते सोडवेपर्यंत भरतीची वेळ गेलेली असते, मासाही.

पूर्वी यावर अंगठा हाच उपाय होता. स्वीडनच्या आबू कंपनीच्या अँबॅसेडर रिळात १९५०च्या दशकात केंद्रोत्सारी ब्रेक होता. चक्रीच्या बाजूला बारीक काड्यांवर चिमुकले ठोकळे ओवलेले असतात. चक्री फिरली की ते बाहेर सरकतात आणि भोवतालच्या कड्याला घासतात. एसटी वळण घेते तेव्हा आपण शेजाऱ्यावर कलतो ना, तसेच. वेग दुप्पट झाला की ठोकळ्यांचा दाब चौपट होतो. वेग उतरला की घर्षण जवळजवळ नाहीसे, म्हणून फेक अर्ध्यात अडत नाही. मला यातले हेच आवडते, की आवरणारा जोर धावण्यातूनच येतो.

आमिष हलके किंवा वारा समोरचा असेल तर जास्त ठोकळे कामाला लावावेत, तेही समोरासमोरच्या जोडीने. नाहीतर चक्री थरथरते. वजन पाण्याला टेकताना मात्र अंगठा हवाच. तेव्हा ठोकळे दुबळे झालेले असतात आणि चक्री अजून फिरत असते.