यकृताचा ताठरपणा, डाय आणि सकाळचे पोहे

पोट दाबून बघताना डॉक्टर ‘लिव्हर हाताला लागतंय’ म्हणाले, की घरच्यांचे चेहरे उतरतात. बरगड्यांआड दडलेलं यकृत एरवी हाताला फारसं लागत नाही. सुजलं, टणक झालं की लागतं. पण टणक म्हणजे किती, हे बोटांना आकड्यात सांगता येत नाही. मग सुई घालून बायोप्सी. त्यातही हाती येणारा तुकडा अख्ख्या यकृताचा जेमतेम पन्नास हजारावा हिस्सा.

बोटांचं हे काम एमआरआयकडून करून घेण्याची युक्ती अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या राजा मुथुपिल्लई, रिचर्ड एहमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 साली ‘सायन्स’मध्ये मांडली. तिचं नाव एमआर इलॅस्टोग्राफी. उजव्या बरगड्यांवर प्लॅस्टिकची चपटी डबी पट्ट्याने बांधतात आणि नळीतून हवेचे ठोके देतात, सेकंदाला 60. रुग्णाने श्वास सोडून पंधराएक सेकंद थांबायचं. तेवढ्यात यकृतातून सरकणाऱ्या लाटा यंत्र टिपतं.

कपडे वाळत घालायची दोरी आठवा. सैल दोरीला झटका दिला तर लाट रेंगाळत जाते, ताणलेल्या दोरीत सर्रकन पळते. यकृताचंही तसंच; ठोके तेवढेच असल्याने लाट जितकी वेगात पळेल तितकी ती लांब. 2 किलोपास्कल ताठरपणाच्या मऊ यकृतात लाटेची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आत असते, 5 किलोपास्कलला ती पावणेचारच्या घरात जाते. साधारण अडीचच्या आतलं यकृत निरोगी समजतात, पाचाच्या पुढे सिरोसिसची शंका. (फायब्रोस्कॅन या दुसऱ्या तपासणीचा आकडाही किलोपास्कलमध्येच येतो, पण त्याचं माप वेगळं, जवळपास तिप्पट. तिथले 6 म्हणजे इथले 2. दोन रिपोर्ट शेजारी ठेवून उगाच घाबरणारे पुष्कळ.)

आता डायचा प्रश्न. यकृतात गाठ आहे का हे बघायला गॅडोलिनियम या धातूच्या डायचं इंजेक्शन देतात. त्यातला गॅडॉक्सेटेट नावाचा प्रकार यकृताच्या पेशी स्वतःच शोषून घेतात, निम्म्याच्या आसपास. तो पेशींत पुरेसा मुरायला वीस मिनिटं लागतात. एवढा धातू पेशीत शिरल्यावर ताठरपणाचा आकडा बदलणार नाही का, ही शंका रास्तच होती. जपानी अभ्यासकांनी त्याच रुग्णांचं मोजमाप इंजेक्शनच्या आधी आणि नंतर करून पाहिलं. म्हणण्यासारखा फरक निघाला नाही.

कारण पुन्हा दोरीतच आहे. दोरीला चुना फासला तर ती लख्ख दिसेल, पण लाट त्यामुळे वेगाने पळणार नाही. डायने यकृत चित्रात उजळतं. इलॅस्टोग्राफी मात्र उजेड मोजत नाही, कण किती आणि कधी हलले ते मोजते. शिवाय साठ किलोच्या माणसाला हा डाय सहा मिलिलिटर लागतो आणि यकृत असतं दीड किलोच्या आसपास. तेवढ्याने ते फुगत नाही की आवळत नाही. याचा व्यवहारातला फायदा मोठा: डाय मुरायची जी वीस मिनिटं नुसती वाट बघण्यात जायची, त्यातच इलॅस्टोग्राफी उरकता येते.

आकडा बिघडवतात ती कारणं वेगळीच, आणि त्यांच्याविषयी कुणी विचारत नाही. एक म्हणजे सकाळचे पोहे. जेवणानंतर आतड्यांकडून यकृताकडे येणारं रक्त वाढतं आणि आधीच वण धरलेलं यकृत आणखी ताठर भरतं. म्हणून चारसहा तास उपाशी राहायला सांगतात. तो नुसता शिरस्ता नव्हे. हृदय कमजोर असेल तर यकृतात रक्त तुंबूनही आकडा चढतो. दुसरं कारण लोह. थॅलेसेमियासारख्या आजारात वारंवार रक्त चढवलेल्यांच्या यकृतात ते साठतं. तिथे नेहमीच्या पद्धतीने केलेल्या तपासणीत यकृत काळंठिक्कर दिसतं आणि लाटा मोजताच येत नाहीत. अशा वेळी पद्धत बदलावी लागते.

डायची काळजी करायचीच तर ती मूत्रपिंडासाठी करा. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर इंजेक्शनआधीच सांगा. नुसत्या इलॅस्टोग्राफीला इंजेक्शन लागतच नाही. पुढच्या वेळी जाताना जुना रिपोर्ट सोबत न्या, शक्यतो त्याच यंत्रावर तपासणी करा. आणि आकडा थोडा वरखाली झाला म्हणून झोप उडवून घेऊ नका: दोन मोजमापांत 19 टक्क्यांहून जास्त फरक पडला, तरच तो खरा बदल मानतात.