नोंदीचा ऊस आणि नोंदीचा माणूस



दिवाळीत चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला बहिणीकडे गेलो होतो. मेहुणे तिथल्या औष्णिक वीज केंद्रात आहेत. रात्री दिव्यांचा नुसता लखलखाट! पण गडचिरोलीच्या बाजूला जंगलात शिरलो, की मोबाईलची रेंज गेलीच. तिकडे एका उपकेंद्रात नर्सबाई भेटल्या. तपासलेली नावे आधी जाड रजिस्टरात लिहायची आणि रेंज मिळेल तिथे जाऊन तीच पुन्हा मोबाईलवर भरायची. "भाऊ, एकच काम दोनदा होते," म्हणाल्या.

तपासणी होती सिकलसेलची. १ जुलै २०२३ ला केंद्राने ही मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतचे ७ कोटी लोक तपासायचे आणि २०४७ पर्यंत आजार हटवायचा, असे उद्दिष्ट ठरले. आईबाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक अपत्याला आजाराचा धोका चारात एक. म्हणून लग्नाआधी रक्ताचे कार्ड पाहायचे. पण मुलगी दुसऱ्या जिल्ह्यात नांदायला गेली, की रजिस्टर मागेच राहते.

याच अडचणीसाठी 'आभा' नावाचा १४ अंकी क्रमांक आहे. ही डिजिटल मोहीम २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर लागू झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये पाच वर्षांसाठी १,६०० कोटी रुपये मंजूर झाले. आकडा मोठा वाटतो. पण १४० कोटींनी भागा. माणशी साडेअकरा रुपयेसुद्धा भरत नाहीत. म्हणजे पाच वर्षांत एक कप चहा! राज्याचा खर्च वेगळा, हे खरे. तरी रजिस्टरे दोनदा का भरावी लागतात ते कळले. अर्थात जर्मनीसारख्या देशातही करोनात आरोग्य कचेऱ्या फॅक्सवर आकडे धाडत होत्या. मग २०२० मध्ये त्यांनी या खात्यासाठी ४ अब्ज युरो काढले.

आपल्या शेतकी खात्यात लागणीची नोंद नसेल तर तोड मिळत नाही, हे तुम्ही मला दर हंगामात ऐकवता. पण तीच तोड करायला कोपीवर येणाऱ्या बाईची नोंद कुठे असते? तिच्या गावी. सहावा महिना असतो, मोळी डोक्यावर असते आणि लाल गोळ्यांचा हिशेब शंभर कोसांवरच्या वहीत.

तेव्हा यंदा टोळी उतरली, की पहिल्याच आठवड्यात गावच्या आशाताईंना कोप्यांवर घेऊन जा. बाळांची लसीची कार्डे बरोबर आणायला मुकादमाला आत्ताच फोन करून सांगा. 'आभा' काढणे ऐच्छिक आहे, कुणावर जबरदस्ती नको. आणि पाच लाखांच्या उपचाराचे कार्ड वेगळे बरं का, दोन्हींत गल्लत करू नका. नेण्या-आणण्याला गाडी लागली तर गट कार्यालयात सांगावे.