शिखर, कळस की सुळका?

मुलांनो, परवा आमच्या सातवीच्या वर्गात इंग्रजी शब्दकोश हातोहात फिरत होता. एका मुलीने ‘पिनॅकल’ हा शब्द काढला. पुढे अर्थ दिले होते : शिखर, कळस, सुळका. ती म्हणाली, “बाई, तिन्हीतला कुठला पाठ करू?”

प्रश्न अगदी रास्त होता. पेपरात लिहायचा एकच असतो आणि नेमका नको तो लिहिला की वाक्याचं हसू होतं. म्हणून आधी या शब्दाचं घर कुठलं ते बघू.

लॅटिन भाषेत ‘पिना’ म्हणजे पीस किंवा पंख. त्यापासून ‘पिनॅक्युलम’ म्हणजे छोटंसं पीस. युरोपातल्या जुन्या उंच चर्चच्या भिंतींना बाहेरून टेकू दिलेले असतात. त्या टेकूंच्या डोक्यावर जे निमुळते दगडी मनोरे उभे केलेले दिसतात, ते पिनॅकल. ते नुसते शोभेचे नसतात बरं का! त्यांच्या वजनामुळे टेकू जागच्या जागी घट्ट राहतो आणि भिंत बाहेर ढकलली जात नाही. 1611 साली छापलेल्या इंग्रजी बायबलात सैतान येशूला देवळाच्या पिनॅकलवर नेऊन उभा करतो, अशी गोष्ट आहे. मूळ ग्रीक गोष्टीतही तिथे ‘छोटा पंख’ असाच शब्द आहे. पुढे 1671 मध्ये मिल्टन या कवीने आपल्या ‘पॅरडाइज रिगेन्ड’ या काव्याचा शेवट याच प्रसंगाने केला. तिथे पिनॅकल म्हणजे मानाची जागा नाही, तोल सांभाळण्याची जागा आहे. यशाचं टोक हा अर्थ आज आपल्याला जास्त ओळखीचा.

आता आपले तीन शब्द. सुळका सोपा आहे. सूळ, सुळा, सुळका ही एकाच घरची भावंडं. रायगडावरून दिसणारा लिंगाणा आठवा. असा टोकदार उभा खडक म्हणजे सुळका. आपले गिर्यारोहकसुद्धा त्याला सर्रास ‘पिनॅकल’ म्हणतात.

पण एक गंमत सांगते. चित्रकलेच्या तासाला डोंगर काढा म्हटलं की सगळी मुलं दोन त्रिकोण काढतात आणि मधून सूर्य उगवतो. आमच्या साताऱ्यात खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. कुठे आहे त्याला त्रिकोण? पाचगणीचं टेबललँड बघा, कासचं पठार बघा, सगळं वर कापल्यासारखं सपाट. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले आणि त्यांचा काळा खडक झाला. पाऊस आणि नद्या तो झिजवत राहिल्या, पण मूळ थर आडवेच. कास-पाचगणीला तर वर जांभ्या दगडाचं कडक झाकण आहे. म्हणून आपल्याकडे डोंगराला टोक नसतं, माथा असतो. माथ्यावर गुरं चरतात, गड बांधता येतो, क्रिकेटही खेळता येतं! ‘घाटमाथा’ हा शब्द त्यातूनच आला. सडा, पठार, माची, कडा असे किती शब्द आपल्याजवळ आहेत, आणि सहलीला गेलेली मुलं मात्र “आम्ही टॉपला गेलो” एवढंच सांगतात. मला त्याचं वाईट वाटतं.

शिखर म्हटलं की माण तालुक्यातलं शिखर शिंगणापूर आलंच. गावाच्या नावातच शिखर आहे. गाव शंभू महादेवाच्या डोंगररांगेत वसलंय. याच रांगेने भीमेचं खोरं आणि कृष्णेचं खोरं वेगळं केलंय. चैत्रात कावडी घेऊन भक्त मुंगी घाट चढून वर येतात. आणि देवळाचंही शिखर असतं. गाभाऱ्यावर चढत गेलेला सगळा भाग म्हणजे शिखर; त्याच्या अगदी वर असतो तो कळस.

कळस मात्र माझा सगळ्यात लाडका शब्द. तो आला संस्कृत ‘कलश’वरून, म्हणजे पाण्याचा घडा. ‘काखेत कळसा नि गावाला वळसा’ या म्हणीतला कळसा त्याचाच सख्खा भाऊ. इंग्रजी शब्दाच्या टोकावर पीस, आपल्या शब्दाच्या टोकावर पाण्याची घागर! संत बहिणाबाईंनी वारकरी संप्रदायाला देवळाची उपमा दिली, तेव्हा पायाचा मान ज्ञानेश्वरांना आणि कळसाचा तुकारामांना दिला.

एवढा पवित्र शब्द, पण बोलताना आपण म्हणतो, “आळशीपणाचा कळस झाला!” इथे ‘आळशीपणाचं शिखर’ म्हणून बघा, जमणार नाही. शिखर कीर्तीचं, यशाचं असतं. कळस चांगल्याचाही होतो आणि वाइटाचाही. म्हणून ‘मूर्खपणाचा कळस’ इंग्रजीत नेताना पिनॅकल सहसा चालत नाही, तिथे ‘हाइट’ लागतो. तुम्ही पोरं “हाइट झाली राव!” म्हणता ना, तोच तो.

‘शिखर परिषद’ हा शब्द वर्तमानपत्रात येतो. तिथे कोणी डोंगर चढत नाही. 1950 मध्ये चर्चिल यांनी बड्या देशांच्या प्रमुखांच्या भेटीसाठी ‘समिट’ हा शब्द वापरला, तो रूढ झाला आणि आपण त्याचं मराठी केलं. सांगलीकडच्या पालकांना राज्य सहकारी बँकेला ‘शिखर बँक’ म्हणतात तेही ठाऊक असेल.

साहित्यातलं एक उदाहरण सांगते, तेही आपल्या जिल्ह्यातलं. वसंत कानेटकर रहिमतपूरचे. त्यांचं ‘हिमालयाची सावली’ हे नाटक 1972 मध्ये रंगभूमीवर आलं. त्यातल्या नानासाहेब भानूंची भूमिका केली डॉ. श्रीराम लागू यांनी, त्यांचा जन्म साताऱ्याचा! नानासाहेब समाजासाठी राबणारे फार मोठे गृहस्थ, म्हणजे हिमालय. आणि बायको-मुलं त्या हिमालयाच्या सावलीत. डोंगर मोठा असला की सावलीतल्यांना ऊन कमीच मिळतं, हे त्या एका नावात आलं. ‘शिखर’ हा शब्द तिथे एकदाही लिहावा लागला नाही.

त्या मुलीने शेवटी वहीत तिन्ही अर्थ लिहिले आणि प्रत्येकापुढे एकेक वाक्य. कळसापुढचं वाक्य होतं : “दादा रोज माझी पेन्सिल नेतो, हा दादागिरीचा कळस आहे.”