लेख नेमका कुठे आहे?

जुन्या मासिकातल्या लेखाचा संदर्भ हाती येतो तेव्हा तो जेमतेम एका ओळीचा असतो : मासिकाचे नाव, वर्ष, अंक, पृष्ठ. ती ओळ घेऊन विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले की लक्षात येते, ग्रंथालयाची तालिका लेख ओळखत नाही. ती मासिक ओळखते. ‘विविधज्ञानविस्तार’ आहे का, असल्यास कोणकोणती वर्षे आहेत, ती बांधीव खंडांत आहेत की मायक्रोफिल्मच्या रिळांवर, एवढेच तिच्याकडून कळते. आत कोणी काय लिहिले आहे हे सांगणे तालिकेचे काम नव्हे, ते सूचीचे काम. जुन्या नियतकालिकांच्या जतनाची चर्चा आपल्याकडे कागद, फिल्म आणि स्कॅनिंग यांच्याभोवती फिरते, आणि सूची मागे पडते. हा क्रम चुकीचा आहे असे माझे ठाम मत आहे. कागद, फिल्म, स्कॅन ही लेखाची राहण्याची ठिकाणे झाली; पत्ता सूचीतच मिळतो.

संदर्भाची ओळ अचूक असली तरी वाट सरळ नसते. एकोणिसाव्या शतकातल्या कितीतरी मराठी अंकांवर शक आणि तिथी असते. शकात 78 मिळवले की इसवी सन मिळतो हे बहुतेकांना माहीत असते, पण शक चैत्रात सुरू होतो. त्यामुळे शके 1812 चा भाद्रपद 1890 मध्ये येतो आणि त्याच शकाचा माघ 1891 मध्ये. इंग्रजी सालाप्रमाणे खंड मागणाऱ्याच्या हाती शेजारचाच खंड पडतो. शिवाय मासिकाचे ‘वर्ष’ त्याच्या पहिल्या अंकापासून मोजलेले असते. ते ना चैत्राशी बांधलेले, ना जानेवारीशी. पृष्ठांक अनेकदा वर्षभर सलग चालतात, त्यामुळे अंकाचा क्रमांक चुकला तरी वर्ष आणि पृष्ठ बरोबर असेल तर लेख सापडतो. दिवाळी अंक बऱ्याचदा मूळ खंडात नसतो, वेगळा बांधलेला असतो. आणि बांधणीत मुखपृष्ठे आणि जाहिराती काढून टाकण्याची रीत असल्याने, अंक नेमका कधी निघाला हे सांगणारा कागदच पुष्कळदा गेलेला असतो.

रिळाचे तंत्र वेगळे. 35 मिलिमीटर रुंदीची, साधारण 30 मीटर लांबीची फिल्म डाव्या खुंटीवर चढवायची, काचेच्या दोन पट्ट्यांमधून ओढून उजव्या रिकाम्या रिळात अडकवायची आणि हँडल फिरवत पाने पुढे न्यायची. घाईने फिरवले की महिनेच्या महिने नजरेसमोरून निघून जातात. रिळाच्या सुरुवातीच्या चौकटींत सहसा एक टिपण असते : चित्रण कोणत्या प्रतीवरून केले, कोणते अंक मिळाले नाहीत, कोणती पाने फाटलेली होती. हे टिपण न वाचता पुढे जाणारा तासभर असा अंक शोधत बसतो, जो त्या रिळात कधी नव्हताच. मायक्रोफिश या फिल्मच्या सपाट पत्रकावर निदान माथ्यावरची ओळ नुसत्या डोळ्यांनी वाचता येते. रिळाला फक्त डबी असते आणि डबीवर दोन तारखा. त्या दोन तारखांच्या मधे काय आहे, ते सूचीवाचून कळत नाही.

ही अडचण जगाला फार पूर्वी कळली होती. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात शिकणाऱ्या विल्यम फ्रेडरिक पूल याने आपल्या विद्यार्थी मंडळाच्या ग्रंथालयातल्या मासिकांची विषयवार सूची केली, आणि ती 1848 मध्ये छापली गेली. मासिके कपाटात होतीच. सूची झाली आणि मुले त्यांतले लेख वाचू लागली. 1882 ची मोठी आवृत्ती अनेक ग्रंथालयांनी मासिके आपसात वाटून घेऊन तयार केली. त्या सूचीत लेख विषयाखाली मिळतो, लेखकाच्या नावाखाली मिळत नाही, आणि ही उणीव पुढे बराच काळ राहिली. मराठीत शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 आणि नंतर 1938 ते 1950 या काळांतल्या ग्रंथांची सूची केली. तिच्यावाचून एकोणिसाव्या शतकावर संशोधन करणे आजही अवघड आहे. हा माणूस आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात आहे त्यापेक्षा कितीतरी मोठ्या जागेचा हक्कदार आहे. पण ही सूची ग्रंथांची. मासिकांच्या आतल्या लेखांपर्यंत नेणारे काम काही निवडक मासिकांपुरतेच झाले आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : आता सगळे स्कॅन होईल, शब्द टाकला की लेख समोर येईल, मग सूची हवी कशाला? इंग्रजी नियतकालिकांपुरते यात बरेच तथ्य आहे. मराठीचे तसे नाही. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम 1962 चे. त्याआधीच्या छापील मजकुरात ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरांत’ अशी रूपे पानोपानी आहेत, आणि झिजलेल्या खिळ्यांनी छापलेला अनुस्वार यंत्राला कधी दिसतो, कधी नाही. जोडाक्षरांची तर गोष्टच सोडा. त्याहून मोठी अडचण नावांची आहे. राम गणेश गडकरी यांनी कविता गोविंदाग्रज या नावाने लिहिल्या आणि विनोदी लेख बाळकराम या नावाने. ‘गडकरी’ हा शब्द टाकून यंत्र या दोघांपर्यंत पोचणार नाही. सूचीकार पोचतो, कारण त्याला ते माहीत असते. निनावी स्फुटे आणि नुसत्या आद्याक्षरांखालची पत्रे यांच्या बाबतीत तर जाणत्या माणसाला पर्यायच नाही. स्त्रीशिक्षणावरच्या एखाद्या लेखात तो शब्द एकदाही नसू शकतो, आणि तरीही लेख त्याच विषयाचा असतो.

दुसरा आक्षेप फिल्मवर आहे, आणि तो अर्धा खरा आहे. निकल्सन बेकर या अमेरिकन लेखकाने 2001 मध्ये एका पुस्तकात दाखवून दिले की फिल्म झाली म्हणून ग्रंथालयांनी मूळ वृत्तपत्रे काढून टाकली, आणि मागे राहिल्या त्या काळवंडलेल्या, अर्धवट प्रती. मूळ कागद टाकू नये, हे त्याचे म्हणणे निर्विवाद मान्य करायला हवे. पण फिल्म म्हणजे कालबाह्य अडगळ, हे म्हणणे मान्य करता येत नाही. पॉलिएस्टरवरची चांदीची फिल्म थंड, कोरड्या जागी शतकानुशतके टिकते असा तज्ज्ञांचा अंदाज आहे, आणि ती वाचायला शेवटी भिंग आणि उजेड पुरतो. मराठीचा या इतिहासाशी थेट संबंध आहे. अमेरिकेने पीएल-480 कायद्याखाली भारताला विकलेल्या गव्हाचे जे रुपये भारतात साठले, त्यांतून 1962 पासून भारतीय भाषांतली प्रकाशने अमेरिकन विद्यापीठांसाठी विकत घेतली गेली. पुढे 1967 मध्ये दक्षिण आशियाई साहित्य फिल्मवर आणण्यासाठी तिथल्या ग्रंथालयांचा सहकारी प्रकल्प सुरू झाला, त्याचा कारभार शिकागोतून चालतो. पुण्यात न मिळणारा अंक शिकागोच्या रिळावर असू शकतो. मात्र तो मागवायचा तर तो तिथे आहे हे आधी कळायला हवे, आणि त्यात आपल्या कामाचे काही आहे हेही.

उरतो खर्चाचा प्रश्न. सूचीला माणसे लागतात, वर्षे लागतात, आणि स्कॅनिंगसारखे तिचे उद्घाटन करता येत नाही. हे खरेच आहे. तरीही स्कॅनची फाईल दर काही वर्षांनी नव्या स्वरूपात न्यावी लागते, तर सूचीतली नोंद एकदा केली की कागदावर, रिळावर, पडद्यावर सगळीकडे चालते. मराठी विभागांत दरवर्षी प्रबंधिका लिहिल्या जातात. त्यांतल्या काही एकेका मासिकाच्या सूचीला द्याव्यात आणि त्या कामाला समीक्षेइतकेच गुण असावेत. एका नोंदीत लेखाचे शीर्षक, छापलेले नाव, कळल्यास खरे नाव, शक आणि सन दोन्ही, वर्ष, अंक, पृष्ठे, विषय, आणि अंक कोणत्या ग्रंथालयात कोणत्या खंडात वा रिळावर आहे, एवढे हवे. न मिळालेल्या अंकांचीही नोंद हवी, म्हणजे पुढचा माणूस ते दुसरीकडे शोधेल.